सुरईचा शेंडा

जळगाव जामोद,
ता. ७ ऑगस्ट १९६०

अन्नपूर्णाच्या बाबाले चांगुणाचा नमस्कार.

तुमी जिते हाय हे काल कळलं. आपल्या गल्लीतला भाऊराव फौजी सुट्टीवर आला, त्यानं दुधाच्या पावडरीचा डबा अन् तुमचं कार्ड आणून देल्लं. होळीले भावाशी भांडून पिशवी उचलली तवापासून आमी तुमाले कुठं कुठं पाहत होतो. अन् तुमी डेहराडूनले एका सायबाच्या बागेत माळी होऊन बसले. बरं केलं बाप्पा.

बायको कशी हाय, पोरगी कशी हाय, हे इचाराले कार्डात जागा पुरली नाई. झाडाचं मात्र सारं बयाजवार लिहिलं. याले इकडं सुरई म्हणतात. बारा महिने हिरवं राहते. शेंडा काडीले बांधत जाजो. शेंडा आपल्यानं सरळ उभा राह्यला का मी घरी येतो. बस. खाली नाव.

मी भाऊरावाले खोदून खोदून इचारलं. तो म्हणे, वैनी, मले काई माहीत नाई, दादानं ठेसनावर डबा हाती देल्ला अन् म्हणे सांभाळून ने. फौजी माणूस, पण नांदुऱ्यापर्यंत डबा मांडीवर घेऊन आला. चहा पाजला त्याले.

झाड म्हणजे काय, हातभर काडी. पानं अशी नाईतच, हिरव्या सुतळ्या लोंबल्यावाणी दिसतात. बोटानं चुरगळलं तर कापरावाणी वास येते. आंगणात लावलं असतं तर इथल्या उन्हानं भाजून निघालं असतं, म्हणून मळ्यात नेलं. चपला बाहेर काढल्या, पाय धुतले, अन् आपल्या वाफ्याच्या शेवटी, विहिरीच्या अंगानं शेवरीची गार सावली पडते तिथं लावलं. पानवेलायच्या शेजारी त्याले बी थंडावा भेटेल.

भासरे, तुमचे मोठे भाऊ, म्हणे, पानमळ्यात परकं झाड कायले? मी त्यायच्याशी बोलत नाई हे तुमाले माहीतच हाय. म्हणून मी गीताबाई जाऊबाईकडं तोंड केलं अन् त्यायले ऐकू जाईल एवढ्यानं म्हणलं, "माणूस गेला तवा कोणी अडवलं नाई. आता झाडाले तरी अडवू नका." मंग ते उठून मोटेकडं गेले.

शेंडा मान टाकून बसला हाय. परवासाचा शीण असेल. वेल बांधतो तसा मी त्याले लव्हाळ्यानं शेवरीच्या काडीले बांधला. उभ्या जलमात मी दुसरं केलं तरी काय? सरळ होईल थोड्या दिसांत. तुमी घरी याची तयारी ठेवा.

तुमची
चांगुणा


ता. २४ एप्रिल १९६१

अन्नपूर्णाच्या बाबाले नमस्कार.

पत्रं टाकून टाकून मी थकली. पोस्टमन आता मले पाहून सायकल दुसऱ्या बोळीनं काढते. तुमच्या सायबाच्या बागेत शाई भेटत नाई का?

झाड मरता मरता वाचलं, ते सांगाले बसली हाय. माह्यापायीच मरत होतं. उन्हाळा लागला अन् त्याच्या साऱ्या फांद्या खाली लोंबाले लागल्या. आपल्याकडं फांदी खाली आली म्हणजे झाड पाणी मागते, दुसरं काय समजाचं? मी सकाळी एक घागर ओतली, सांजच्याले एक ओतली. वेलायच्या आधी त्याले. विहीर तळाले गेली, जाऊबाई बोलली, तरी त्याले. मंग ते आतून पिवळं पडाले लागलं. मले वाटलं, अजून तहान असेल. अजून ओतलं.

एक दिस बुडाशी हात घातला तर नुसता चिखल. अन् हात नाकाशी नेला तर तोच वास, त्या पावसाळ्यात आपले वेल कुजले तवा आला होता तो. त्याच वासापायी भासरे होळीले साऱ्यायच्या देखत तुमाले म्हणले होते का, तुह्या हाताले वेल लागत नाई. त्याच वासापायी तुमी घर सोडलं. मी तिथंच चिखलात बसली अन् रडली. मंग उठून सारी माती उकरली अन् मुळायले वारा लागू देल्ला.

भासरे दुरून पाहत होते. मंग आपल्या कामाले लागले. पण सकाळी पाहते तर नदीची रेती झाडापाशी येऊन पडलेली, चांगली मोठी रास. कोणी आणली हे मी इचारलं नाई. ती मातीत मिसळली अन् आता झाड पुन्हा हिरवं धरून राह्यलं.

धामणगाव बढ्याहून माहा भाऊ निवृत्ती आला होता. म्हणे, बाई, चाल माह्या घरी, झाडाच्या भरवशावर किती दिस बसशील? मी त्याले मळ्यात नेऊन दाखवलं का शेंडा पोळ्यापासून बोटभर वर चढला. तो हासला. मी म्हणलं, जेवाचं असेल तर हासू नको. मंग त्यानं मुकाट्यानं जेवण केलं अन् एसटी धरली.

पाण्यावरच्या बाया आता त्याले रडकं झाड म्हणतात. चांगुणे, तुह्यं रडकं झाड काय म्हणते? मी सांगते, रडून राह्यलं तुमच्या नवऱ्यायच्या नावानं. अशी त्यायची तोंडं बंद करते. पण घरी आली का जीव लागत नाई. भाकर थापता थापता उठून मळ्यात जाऊन येते. शेंडा असते तिथंच असते.

तुमची
चांगुणा


ता. २ डिसेंबर १९६२

अन्नपूर्णाच्या बाबाले.

लढाईच्या बातम्या पानाच्या दुकानावरच्या रेडिओवर ऐकू येतात. माणसं पान खाणं इसरून उभी राहतात. भाऊरावाचं महिन्याभरापासून पत्र नाई. त्याची माय तानाबाई रोज मळ्यात येऊन सुरईखाली बसते. म्हणते, हे झाड माह्या पोरानं मांडीवर आणलं होतं. मी पानं खुडते, ती झाडाकडं पाहते.

डेहराडून लढाईपासून किती दूर हाय? मास्तराले इचारलं तर तो म्हणे लय दूर. अन्नपूर्णानं शाळेतला नकाशा पाह्यला तर म्हणे, आई, बोटभरच हाय. आता मी कोणाचं खरं मानू?

एक सांगाचं होतं. परवा सकाळी मी गाठ बदलाले शेंडा सोडला, अन् तो खाली आलाच नाई. उभा. खरंच सांगते, सरळ उभा, माह्या कपाळाच्या वर. मी हात काढून घेतला तरी उभा. मी पळतच घरी गेली. अन्नपूर्णाले सांगतलं, जाऊबाईले सांगतलं. जाऊबाईनं कढई ठेवली, म्हणे आता येतेच तुहा नवरा, गोडाचं करू. मी तुमचं आंथरूण उन्हात टाकलं, उशीची खोळ धुतली. अन्नपूर्णा शाळेत गेलीच नाई.

दुपारी आमी साऱ्या मळ्यात गेलो तर शेंडा वाकला होता. थंडीनं ताठला असेल, ऊन लागलं अन् सैल पडला. जाऊबाईनं माह्या पाठीवर हात ठेवला. मी म्हणलं, काई नाई, अर्धा दिस उभा राह्यला म्हणजे उद्या पुरा दिस राहील. पुन्हा बांधला. आंथरूण तसंच रातभर बाहेर राह्यलं, मले आणाची इच्छा झाली नाई.

एक ओळ लिहा. मी बरा हाय, एवढंच लिहा. दुसरं काई नका लिहू.

तुमची
चांगुणा


ता. १५ मार्च १९६४

अन्नपूर्णाच्या बाबाले नमस्कार.

भाऊराव सुखरूप हाय, तानाबाईले पत्र आलं. तिनं साऱ्या गल्लीले गूळ वाटला. तिच्या पत्रात तुमचं नाव नव्हतं. मी दोनदा वाचून घेतलं.

यंदा वेल उतरवले. तुमच्या वाटचं मी केलं. शेवरीवरून वेल सोडवाचे, मोडू न देता खाली घ्याचे, वेटोळं करून बुडाशी मातीत गाडाचे अन् नुसते शेंडे वर काढून पुन्हा बांधाचे. कंबर सुटते. पण मले हेच काम आवडते. जुनं सारं मातीत जाते अन् वेल पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तुमी म्हणत होते ना, चांगुणाच्या हातून एक वेल मोडत नाई? अजून बी मोडत नाई.

अन् एक येडेपणा केला. ऐका अन् हासा. ओळीतले वेल उतरवत उतरवत मी शेवटाले आली, डोकं दुसरीकडंच होतं, अन् सुरईची खालची लोंबती फांदी हातात आली ती बी वेल समजून वाकवली अन् मातीत गाडली. शेंडा वर काढून काडीले बांधला बी. जाऊबाई मागून पाहत होती. म्हणे, अवो बाई, आता झाडाची बी वेल करशील का? साऱ्या मजुरणी पोट धरून हासल्या. मी बी हासली. लय दिसांनी हासली. मंग म्हणलं, राहू द्या आता, गाडली तर गाडली. उकरली नाई.

झाड माह्याहून उंच झालं. शेंडा बांधाले घडवंचीवर चढावं लागते. अन्नपूर्णा म्हणते, आई, तू पडशील. मी तिले सांगते, तुह्या बाबाले तिथून रस्ता दिसते का ते पाहते. नांदुऱ्याची एसटी येते तवा मी खरंच घडवंचीवर असते. पोरगी मोठी झाली, तिले आता समजते. ती मंग घडवंची धरून उभी राहते.

तुमची
चांगुणा


ता. ११ जानेवारी १९६५

भाऊराव आला.

तो आता डेहराडूनलेच छावणीत हाय. सुट्टीच्या दिशी तुमाले भेटाले बागेत गेला होता. त्याले वाटलं मले आनंद होईल, म्हणून बिचारा घरी न टेकता आधी मळ्यात आला. मी सुरईखाली बसून पानायच्या गड्ड्या लावून राह्यली होती. तो सांगत गेला. फाटकापासून बंगल्यापर्यंत दोन्ही अंगानं हीच झाडं. घरावाणी उंच. अन् साऱ्यायचे शेंडे खाली.

तो म्हणे, "मी दादाले इचारलं, हे आजारी हायेत का? दादा हासला. म्हणे, येडा हाय का तू, हे झाड असंच असते. म्हातारं झालं तरी त्याचा शेंडा वाकलेलाच."

मी पानं लावत राह्यली. हातातली गड्डी पुरी केली, बांधली, करंडीत ठेवली. मंग इचारलं, जेवण कोण करून देते त्यायले? भाऊरावाचे बूट मळ्याबाहेर होते. तो पायाच्या बोटायकडं पाहत राह्यला. मी पुढं काई इचारलं नाई. मले ऐकाचं बी नाई.

तुमाले माहीत होतं. कार्ड लिहिलं तवाच माहीत होतं. रोज त्या झाडायले पाणी घालता अन् रोज त्यायच्या वाकल्या माना पाहता. नाई येत, असं लिहाले किती शाई लागते? तेवढी हिंमत नव्हती, म्हणून माह्या हातात झाड देल्लं. अन् मी येडी, घागरी ओतल्या, घडवंचीवर चढली, तुमचं आंथरूण उन्हात टाकलं. निवृत्तीले तोंड वर करून बोलली. तुमी भाऊरावाले हासून सांगतलं ते मले सर्वात जास्त लागलं. दुसरं मी सहन केलं असतं.

काल कोयता घेऊन गेली होती. अन्नपूर्णा मागं मागं आली. मी हात उचलला तर ती म्हणे, "आई, झाडानं कवा म्हणलं होतं का मी सरळ होतो?"

कोयता खाली ठेवला. घडवंचीवर चढली अन् साऱ्या गाठी सोडल्या, एकूण एक. शेंडा हळूच खाली आला अन् लोंबत राह्यला. झाडाले काई झालं नाई. मी किती वेळ पाहत बसली, पण त्याले काईच झालं नाई.

हे पत्र टाकावं का फाडावं, माह्यं ठरत नाई. दोनदा पेटीपर्यंत जाऊन आली.

चांगुणा


ता. २६ मार्च १९६६

अन्नपूर्णाच्या बाबाले.

तुमचं पत्र पोचलं. इतकं लंबं पत्र तुमी लिहू शकता हे मले माहीत नव्हतं. चांगले चार कागद दोन्ही बाजूनं. सायबानं बंगला इकला, तिकडं आता आपलं म्हणाले कोणी राह्यलं नाई, छाती दुखते, आखाजीच्या सणाले घरी येतो, वाफा राखून ठेव. अन् शेवटी लिहिलं का, शेंड्याचं ते मी असंच लिहिलं होतं, मनावर घेऊ नको.

असंच लिहिलं होतं. हे वाक्य मी दोनदा वाचलं, मंग अन्नपूर्णाले वाचाले लावलं. तिनं ते वाचलं अन् कागद उलटा करून ठेवला.

कोण राह्यलं नाई, जेवण करून देणारी गेली का तिनं तुमाले काढलं, मी इचारत नाई. छाती दुखते त्याचं वाईट वाटते. ते खरंच वाटते. तुमचं पत्र आलं तवा सर्वात आधी माह्यं मन आंथरुणाकडं धावलं, उन्हात टाकाले. ते बी सांगून टाकते, लपवून काय करू? दोन दिस मी घरात अशीच फिरली. दूध उतू गेलं, चुलीवरची दाळ जळाली, जाऊबाईनं दुसरी टाकली.

भासरे पत्र ऐकून रडले. म्हातारे झाले आता. जाऊबाईले म्हणे, तिले सांग, लहान्याले बोलाव म्हणा, माह्या तोंडून निघालेल्या शब्दानं तो गेला. मी तवा पदर सावरला अन् इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ त्यायच्याकडं पाहून बोलली. म्हणलं, "दादा, तुमच्या शब्दानं गेले असते तर तुमच्या शब्दानं कवाच आले असते. ते तुमच्यापायी तिथं राह्यले नाई." त्यायनं टोपीनं डोळे पुसले. मंग म्हणे, चांगुणा, तू म्हणशील तसं. वाफा तुह्या हातचा हाय.

तर मी म्हणते ते ऐका.

सुरई आता मळ्यातली सर्वात थंड जागा हाय. शेंडा सोडला तवापासून ती डेरेदार झाली, फांद्या चहूकडून जमिनीपर्यंत आल्या. दुपारच्याले आमी साऱ्या आत बसून पानं लावतो, बाहेर जाळ असला तरी आत गार. परकं झाड कायले म्हणणारे भासरे आपली टोपी तिच्याच फांदीले टांगतात. पाण्यावरच्या बाया इचारतात, चांगुणे, बसाले येऊ का तुह्या झाडाखाली? रडकं कोणी म्हणत नाई.

अन् दोन सालं आधी मी येड्यावाणी एक फांदी मातीत गाडली होती, आठवते? तुमी वाचलं असेल तर आठवेल. ती जगली. परवा उकरून पाह्यलं तर मुळं धरली होती, चांगली पांढरी, जाड. जाऊबाईचा इश्वास बसेना. मी ती मायझाडापासून कापली अन् डब्यात लावली. तोच दुधाच्या पावडरीचा डबा, तुमचाच. बुडाले थोडा गंजला हाय, पण चालते.

तो डबा भाऊराव घेऊन येऊन राह्यला. त्याले बी मी काई सांगतलं नाई. ठेसनावर हाती देल्ला अन् म्हणलं, सांभाळून नेजो.

तुमी माळी हाय, तुमाले काय शिकवू? तरी सांगते. उन्हात ठेवू नका. पाणी बेतानं द्या, फांदी खाली आली म्हणून घाबरून ओतत बसू नका, मी पहिल्या उन्हाळ्यात तेच केलं होतं. बुडाशी रेती घाला. शेंडा काडीले बांधत जा, गाठ सैल ठेवा अन् दर पंधरा दिसांनी बदला. औषध घेत जा, छातीले तेल लावा. अन्नपूर्णाले पत्र लिहाचं असेल तर लिहा, ती वाचेल, मी अडवणार नाई.

आखाजीले येऊ नका. त्या झाडाचा शेंडा आपल्यानं सरळ उभा राह्यला का या.

चांगुणा